कवितेवर तीनशे शब्द: कॉलेजातलं छोटं विश्लेषण कसं लिहायचं

पुण्यातल्या कॉलेजात साहित्य हा विषय घेतला, की पहिल्याच सत्रात हे काम अंगावर येतं. एक कविता किंवा कथा हातात देतात आणि तिच्यावर अडीचशे ते चारशे शब्दांचं विश्लेषण मागतात. कुठे त्याला ‘टिपण’ म्हणतात, कुठे ‘रिस्पॉन्स’, कुठे नुसतं ‘असाइनमेंट’. अंतर्गत गुणांसाठी असतं, शब्दही थोडे, म्हणून आदल्या रात्रीवर ढकललं जातं. परत येतं तेव्हा समासात लाल पेनानं एकच शब्द असतो: ‘वर्णनात्मक’.

हा शेरा येण्याचं मूळ बहुतेकांच्या बाबतीत दहावीत आहे. तिथे आपण रसग्रहण लिहायला शिकलो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे आणि प्रत्येकाखाली चार-पाच वाक्यं. कविता काय सांगते ते लिहायचं, अलंकार ओळखायचा, कवीचं कौतुक करायचं. ती सवय टाकाऊ नाही, शब्दांकडे बघायची सुरुवात तिथूनच होते. पण कविता काय म्हणते हे कॉलेजातल्या शिक्षकांना माहीत असतं आणि ती सुंदर आहे हेही. तुमच्याकडून त्यांना तुमचं एक म्हणणं हवं असतं: ही कविता जे करते ते नेमकं कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या रचनेनं करते. आणि त्या म्हणण्याला आधार कवितेतलाच हवा.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना उदाहरण एकच घेतलं आहे, बालकवींची आठ ओळींची ‘औदुंबर’. बऱ्याच जणांना ती पाठ असते आणि पाठ असलेली कविता नीट वाचणं जास्त अवघड जातं, म्हणून मुद्दाम तीच.

## बसण्याआधी जवळ काय हवं

- कवितेची किंवा कथेची छापील प्रत, नाहीतर झेरॉक्स. बाजूला लिहायला जागा हवी. कविता असेल तर ओळींमध्ये अंतर सोडून हातानं उतरवून घेतली तरी उत्तम. उतरवताना निम्मं वाचन होतं.
- पेन्सिल. पेन नको, कारण पहिल्या खुणा पुसाव्या लागतात.
- शिक्षकांनी दिलेला प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. मित्रानं व्हॉट्सॲपवर सांगितलेला सारांश चालत नाही.
- शब्दकोश. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात.
- पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि पानाचा क्रमांक. हे आधीच टिपून ठेवा, रात्री अकरा वाजता ग्रंथालय उघडं नसतं.
- साधारण अडीच तास, दोन बैठकांत. पहिल्या बैठकीत वाचन आणि खुणा, दुसऱ्या दिवशी लेखन.

## १. प्रश्नातलं क्रियापद शोधा

‘विशद करा’ म्हटलं असेल तर एक बाजू उलगडून दाखवायची. ‘चर्चा करा’ म्हणजे किमान दोन बाजू हव्यात. ‘चिकित्सा करा’ म्हणजे शेवटी तुमचा निवाडा हवा. ‘तुलना करा’मध्ये अर्धं टिपण एका कवितेवर आणि अर्धं दुसरीवर लिहिलं की गुण गेले. एकच मुद्दा घेऊन दोन्ही कवितांत त्याचं काय होतं, ते शेजारी शेजारी दाखवायचं.

सगळ्यांत फसवा प्रश्न ‘तुमचा प्रतिसाद लिहा’ हा. तो वाचून मुलं ‘ही कविता वाचून मला माझ्या गावची आठवण आली’ असं लिहितात. आठवण आली असेल, खरीच आली असेल, पण ती टिपणाची सामग्री नाही. ती कशामुळे आली, कवितेतल्या कोणत्या शब्दानं आणली, तिथून विश्लेषण सुरू होतं.

## २. प्रत तपासा

मराठी कविता इंटरनेटवरून उतरवून घेणं धोक्याचं आहे. ओळी गळलेल्या असतात, शब्द बदललेले असतात, कधी कवीच बदललेला असतो. चॅटबॉटला ओळी विचारल्या तर तो बऱ्याचदा पूर्ण आत्मविश्वासानं स्वतःच्याच ओळी जोडून देतो. उद्धृत केलेली ओळ चुकीची निघाली, की तिच्यावर उभं केलेलं सगळं कोसळतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात कवितासंग्रह नसेल तर नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद किंवा विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय बघा. बाहेरच्यांना बसून वाचू देण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे आहेत, तेव्हा कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा आणि जाण्याआधी फोन करा. अभ्यासक्रमात लावलेलं पुस्तक अप्पा बळवंत चौकात मिळतंच. तिथे गाइडसुद्धा त्याच काउंटरवर समोर येतं. टिपण लिहून होईपर्यंत ते उघडू नका.

जुन्या आवृत्तीत ‘सांवळा’, ‘गांव’, ‘जळांत’ असे अनुस्वार दिसतील. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्याआधीच्या छपाईत ते आहेत. उद्धृत करताना तुमच्या प्रतीत जसं छापलं आहे तसंच ठेवा. निम्मी ओळ जुनी आणि निम्मी नवी असं करू नका.

‘औदुंबर’ आजच्या लेखनपद्धतीनं अशी:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळा सावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

## ३. तीनदा वाचा, दर वेळी वेगळ्या कामासाठी

पहिलं वाचन मोठ्यानं. होस्टेलच्या खोलीत लाज वाटत असेल तर गच्चीवर जा. कुठे अडखळता, कुठे आपोआप थांबता, कुठे वेग येतो, एवढंच बघा. इथे मधल्या चार ओळी ‘कडे, पुढे, पडे, कडे’ अशा संपतात आणि तोंड पुढे पुढे ढकललं जातं. शेवटच्या दोन ओळींचा शेवट ‘लाटांवर’, ‘औदुंबर’ असा आहे आणि तिथे वेग उतरतो.

दुसरं वाचन पेन्सिलीनं. या वेळी अर्थ लावायचा नाही, फक्त गोळा करायचं. मोजदाद केल्यासारखं करा, कंटाळा आला तरी:

- क्रियापदं. कोण काय करतंय? झरा वाहतो, गर्दी लागली, वाट पडे आणि चालली, काळिमा पसरी, औदुंबर बसला.
- पुन्हा पुन्हा येणारे शब्द. हिरवा रंग तीनदा (हिरवाळी, हिरवी, हिरव्या), काळा दोनदा (काळ्या, काळिमा), पांढरा एकदा. शेवटच्या ओळीत रंगच नाही.
- विचित्र जोड्या. ‘हिरवी गर्दी’. ‘गोड काळिमा’. साधारण बोलण्यात असे शब्द शेजारी बसत नाहीत. अशा जागी दुहेरी खूण करा, टिपण बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या जागेतून निघतं.
- काय नाही. हे सगळे विसरतात. कवितेत गाव आहे, चार घरं आहेत, शेतं आहेत, पायवाट आहे. माणूस? एकही नाही.

कोश उघडायचा तो या वाचनात, आणि कठीण शब्दांइतकाच सोप्या शब्दांसाठीही. ‘झाकळणे’ म्हणजे काय हे अंदाजानं कळतं, पण पाणी झाकळतं तेव्हा त्यावर सावली येते की ते झाकलंच जातं, हे नक्की करून घ्यावं. अंदाजावर केलेलं विधान शिक्षक पहिल्यांदा पकडतात.

तिसरं वाचन प्रश्न विचारत. गोळा केलेल्यांपैकी कोणत्या दोन-तीन गोष्टी एकमेकींशी बोलतात? इथे ‘माणूस नाही’ ही नोंद आणि क्रियापदांची यादी शेजारी ठेवून बघा. गर्दी माणसांची होते, इथे ती शेतमळ्यांची आहे. चालतो माणूस, इथे वाट चालली आहे. पाण्यात पाय टाकून बसतो तोही माणूसच, इथे झाड बसलं आहे. दोन सुट्या नोंदींतून एक विचार तयार झाला. टिपणाला एवढं पुरतं.

## ४. दावा लिहा, एका वाक्यात

सगळं टिपण या वाक्यावर चालतं, तेव्हा वेळ इथे घाला. मुलं वेळ सजावटीच्या प्रस्तावनेवर घालवतात.

आधी न चालणारी तीन वाक्यं बघू.

*‘बालकवींनी निसर्गाचे अतिशय सुंदर वर्णन केले आहे.’* याला ‘नाही’ कोण म्हणणार? ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही ते सिद्ध करण्यात अर्थ नसतो. शिवाय हे वाक्य बालकवींच्या कुठल्याही निसर्गकवितेला चिकटवता येतं.

*‘या कवितेत अनेक रंगांचा वापर आढळतो.’* खरं आहे, पण ही नोंद झाली. रंग आहेत, बरं, मग? त्यानं काय होतं?

*‘ही कविता मृत्यूविषयी आहे.’* इथे म्हणणं आहे, वादही घालता येईल, पण काळ्या डोहापासून मृत्यूपर्यंत एकच उडी मारली आहे. मधल्या पायऱ्या दाखवल्या तर हे वाक्य चांगलं होऊ शकतं. तीनशे शब्दांत त्या मावतील का, हे आधी बघावं लागेल.

आणि हे चालणारं: *‘“औदुंबर”मध्ये माणूस कुठेच दिसत नाही, माणसाच्या हालचाली मात्र शेतांना, वाटेला आणि झाडाला दिलेल्या आहेत, त्यामुळे शेवटचा औदुंबर उभ्या झाडापेक्षा चालून येऊन बसलेल्या कोणासारखा वाटतो.’*

यात काय काय आहे ते बघा. कवितेतली एक गोष्ट आहे (माणसाच्या हालचाली), ती कशी येते ते आहे (इतरांना दिलेल्या), आणि त्यानं काय घडतं तेही आहे. सुरुवातीला साचा म्हणून वापरा: *अमुक गोष्ट कवितेत अशी येते, त्यामुळे असं होतं.* ‘त्यामुळे’नंतरची जागा रिकामी राहिली तर तुमच्याकडे अजून नोंदच आहे असं समजा.

दाव्याला तीन प्रश्न विचारून बघा. वर्गातला एखादा शहाणा विद्यार्थी याला विरोध करू शकेल का? कवितेतले कोणते तीन शब्द मी पुरावा म्हणून पुढे करीन? दिलेल्या शब्दमर्यादेत हे मावतं का? तिन्हींना धड उत्तर मिळेपर्यंत पहिला परिच्छेद लिहायला घेऊ नका.

## ५. पुरावा: उद्धृत, नोंद, अर्थ

बहुतेक टिपणं इथे घसरतात. ओळ उद्धृत करतात, तिचा गद्य अर्थ लिहितात आणि पुढच्या ओळीकडे जातात. असं:

> कवी म्हणतो, ‘पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे, हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.’ म्हणजेच पांढरी पायवाट वाकडीतिकडी असून ती हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाते. कवीने पायवाटेचे हुबेहूब चित्र रेखाटले आहे.

दोन ओळी खर्च झाल्या आणि हाती काहीच आलं नाही. तोच मजकूर असा लिहिता येतो:

> पायवाट ‘अडवीतिडवी’ पडत ‘काळ्या डोहाकडे’ चालली आहे. वाटेवरून कोणी चालताना दिसत नाही, वाटच चालते. तिच्या आधीच्या ओळीत शेतमळ्यांची ‘हिरवी गर्दी’ आहे. गर्दी हा माणसांच्या जमावासाठी वापरायचा शब्द, तो इथे पिकांना दिला आहे. गाव ‘चार घरांचे’ असूनही कवितेतली सगळी वर्दळ अशी माणसांवाचून चालली आहे. म्हणून औदुंबर ‘पाय टाकुनी’ बसतो तेव्हा ते झाडाचे वर्णन एवढेच उरत नाही. त्या वाटेने आलेले कोणीतरी शेवटी पाण्याशी टेकले असे वाटते.

फरक मापात दिसतो. पहिल्यात सलग दोन ओळी उचलल्या आहेत. दुसऱ्यात पाच तुकडे आहेत, प्रत्येकी एक-दोन शब्दांचे, आणि प्रत्येक तुकड्यावर काहीतरी केलेलं आहे. तीनशे शब्दांच्या टिपणात उद्धृत मजकूर तीसच्या आसपास शब्दांचा असावा. त्याहून जास्त झाला तर तुमच्याऐवजी कवीच बोलतोय.

परिच्छेदाचं शेवटचं वाक्य दाव्याकडे परतलं पाहिजे. ते परतत नसेल तर पुरावा चांगला असूनही सुटा पडतो. आणि उद्धृतानंतर ‘म्हणजेच’ हा शब्द हातून उमटला की थांबा. त्याच्यापुढे जवळजवळ नेहमी गद्य अर्थच येतो.

## ६. विरोधी वाचनाला जागा द्या

चाळीस-पन्नास शब्द पुरतात, पण टिपणाची पातळी यानं चढते. तुमच्या दाव्याविरुद्ध सगळ्यांत तगडं म्हणणं कोणतं, ते स्वतःच मांडायचं आणि उत्तर द्यायचं. कच्चा विरोधक उभा करून त्याला पाडण्यात मजा नाही, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

> औदुंबर हे दत्ताचे स्थान मानले जाते. त्यामुळे बसलेल्या औदुंबरात ध्यानस्थ तपस्वी दिसतो, असे कोणी म्हणेल. पण कवितेत पादुका नाहीत, देऊळ नाही. आणि पाण्यात पाय टाकून बसणे ही ध्यानाची बैठक नव्हे, ती दमून आलेल्याची आहे.

याच जागी एक सापळा आहे, कवीचं चरित्र. बालकवी १९१८ साली रेल्वे अपघातात ऐन तारुण्यात गेले. हे ठाऊक असलं की काळा डोह आणि कवीचा मृत्यू यांची सांगड घालायचा मोह होतो. पण कविता लिहिताना कवीला आपला अपघात माहीत नव्हता. प्रश्नात चरित्र मागितलं नसेल तर जन्म, गाव, शिक्षण, टोपणनाव यातलं काहीही नको. तीनशे शब्दांत साठ शब्द चरित्रावर घालवणं ही चैन आहे.

तसंच कवितेत ‘मी’ असेल तर तो कवीच आहे असं धरून चालू नका. ‘कवितेतला मी’ किंवा ‘निवेदक’ लिहा.

## ७. शब्दांची वाटणी

तीनशे शब्दांचा हिशेब साधारण असा:

- सुरुवात आणि दावा: ४० ते ५०. कवितेचं नाव, कवीचं नाव, दावा, बस. ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ वगैरे काही नको.
- पहिला पुरावा: ९० ते १००
- दुसरा पुरावा: ८० ते ९०
- विरोधी वाचन आणि उत्तर: ४० ते ५०
- शेवट: २० ते ३०

दुसरा पुरावा पहिल्याच जातीचा घेऊ नका. पहिल्यात क्रियापदं घेतली असतील तर दुसऱ्यात नाद, यमक किंवा ओळींची रचना घ्या. इथे ‘कडे-पुढे-पडे-कडे’ अशा शेवटांनी मधल्या ओळी पुढे ढकलल्या जातात आणि ‘औदुंबर’वर चाल थांबते. हालचालीविषयीच्या दाव्याला नादातून दुजोरा मिळाला.

शेवटाच्या वीस-तीस शब्दांत दावा पुन्हा जसाच्या तसा लिहायचा नाही. पुराव्यानंतर तो किंचित पुढे गेलेला दिसला पाहिजे. ते जमत नसेल तर विरोधी वाचनाच्या उत्तरावरच टिपण संपवा. अपुरं वाटत नाही.

मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे तीनशे मराठी शब्दांत बराच मजकूर मावतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचा इथे अंदाज चुकतो आणि टिपण पाल्हाळिक होतं. हातानं लिहिलं तर रेघांच्या मोठ्या कागदाची साधारण दीड पानं होतात.

## ८. कविता नसेल तर

कथेत सगळ्या कथेवर लिहू जाऊ नका. एक प्रसंग, शक्यतो एक पान निवडा. बघायचं ते असं: सांगतंय कोण, त्याला किती माहीत आहे, काळात उडी कुठे मारली आहे, संवाद कुठे अचानक तुटतो, कोणत्या पात्राला नावच दिलेलं नाही. कथानक सांगायला जास्तीत जास्त दोन वाक्यं. वाचणाऱ्यानं कथा वाचलेली आहे.

नाटकात रंगसूचना वाचायला मुलं विसरतात. पात्र काय बोलतं आणि त्याच वेळी रंगमंचावर काय करतं, यात विसंगती असेल तर दावा तिथेच मिळतो.

अभंगात शेवटच्या चरणातली नाममुद्रा बघा. ‘तुका म्हणे’च्या आधी आणि नंतर आवाज बदलतो का? आधी देवाशी बोलणं आणि नंतर लोकांशी, असं काही होतं का? पाठांतरामुळे अभंगाचा अर्थ आपल्याला कळलाच आहे असं वाटतं, म्हणून इथे कोश जास्त लागतो.

इंग्रजी साहित्याच्या वर्गात पायऱ्या याच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी दावा आधी मराठीत पक्का करावा, मग इंग्रजीत छोट्या वाक्यांत लिहावा. विचार आणि भाषा दोन्ही एकदम जुळवायला गेलं की दोन्ही निसटतात. इंग्रजीत साहित्यकृतीतल्या घटनांविषयी वर्तमानकाळात लिहायची पद्धत आहे. एका वाक्यात भूतकाळ आणि दुसऱ्यात वर्तमान, ही तिथली सगळ्यांत जास्त कापली जाणारी चूक.

## ९. लिहून झाल्यावर: खोडणं

एक रात्र मध्ये जाऊ द्या, मग या क्रमानं तपासा.

नाव बदलून बघा. प्रत्येक वाक्यात ‘औदुंबर’च्या जागी दुसऱ्या कुठल्याही कवितेचं नाव घाला. वाक्य तरीही खरं राहिलं तर ते खोडा. निर्दयपणे केलं तर पहिल्या खर्ड्यातला तिसरा हिस्सा सहज उडतो.

विशेषणं शोधा. सुंदर, अप्रतिम, हृदयस्पर्शी, मार्मिक, समर्पक, प्रभावी, हुबेहूब. प्रत्येकाला विचारा, कशावरून? उत्तर वाक्यातच असेल तर विशेषण नको आणि नसेल तरीही नको.

परिच्छेदांची पहिली वाक्यं सलग वाचा. एवढ्यावरून तुमचं म्हणणं कळलं पाहिजे. कळलं नाही तर परिच्छेदांचा क्रम चुकला आहे.

उद्धृतं प्रतीशी ताडा. एकेक अक्षर. ऱ्हस्व-दीर्घही. कवितेत ‘घेउन’ छंदासाठी ऱ्हस्व आहे, ते ‘घेऊन’ करून टाकलंत तर ओळ तुटते. मोबाइलचा कीबोर्ड ही दुरुस्ती तुम्हाला न विचारता करतो.

## १०. टंकन आणि सादर करणं

युनिकोडमध्येच टाइप करा. मंगल, निर्मला, नोटो यांपैकी कोणताही टंक चालेल. बाहेरच्या डीटीपीवाल्याकडून करून घेणार असाल तर ‘युनिकोड’ असं स्पष्ट सांगा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल शिक्षकांच्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हं दिसतात. पाठवताना पीडीएफ करा आणि ती एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

दोन ओळींपर्यंतचं उद्धृत वाक्यातच अवतरणचिन्हांत घ्यायचं आणि जिथे ओळ बदलते तिथे तिरकी रेघ द्यायची. त्याहून मोठं असेल तर स्वतंत्र, थोडं आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय.

वर उजवीकडे नाव, हजेरी क्रमांक, वर्ग, विषय आणि तारीख. त्याखाली प्रश्न पूर्ण. फाइलचं नाव ‘असाइनमेंट फायनल २’ असं नको. आडनाव, विषय आणि टिपणाचा क्रमांक घाला, एकाच नावाच्या चाळीस फाइली उघडणाऱ्या माणसाचा थोडा विचार करा.

कुणाचं मत घेतलं असेल, समीक्षकाचं असो की वर्गात सरांनी मांडलेलं, तर तसं लिहा. एक अर्धं वाक्य पुरतं. गाइडमधली वाक्यं न सांगता वापरली तर वर्गातल्या आणखी दहा जणांच्या टिपणात तीच वाक्यं असतात आणि ती दहा टिपणं एकाच संध्याकाळी, एकाच टेबलावर तपासली जातात.

## ११. शेरे कसे वाचायचे

टिपण परत आलं की गुण बघून दप्तरात टाकू नका. समासातले शेरे ठरावीक असतात आणि प्रत्येकावर उपायही ठरलेला आहे.

- ‘वर्णनात्मक’: दावा नाही किंवा उद्धृतानंतर गद्य अर्थ दिला आहे. पायरी ४ आणि ५ पुन्हा करा.
- ‘आधार?’: म्हणणं आहे, पुरावा नाही. त्या वाक्याशेजारी कवितेतले दोन शब्द लिहून बघा. सापडले नाहीत तर म्हणणं सोडून द्या.
- ‘विस्कळीत’: दोन दावे एकाच टिपणात कोंबले आहेत. एक ठेवा. दुसरा पुढच्या वेळी कामाला येईल.
- ‘मोघम’: नाव बदलून बघायची चाचणी केलेली नाही.
- ‘विषयांतर’: बहुधा चरित्र किंवा समाजस्थिती शिरली आहे.

नुसतंच ‘छान’ किंवा नुसती बरोबरची खूण असेल तर तासानंतर जाऊन एकच प्रश्न विचारा: ‘मॅडम, यातलं सगळ्यांत कच्चं वाक्य कोणतं?’ ‘कसं झालंय’ असं विचारलं तर ‘बरं आहे’ एवढंच ऐकू येतं. कच्चं वाक्य विचारलं तर त्या बोट ठेवून दाखवतात, आणि ते वाक्य तिथेच त्यांच्यासमोर पुन्हा लिहून दाखवता येतं.